अंगी न लागलेली गोळी

मी लहान आतडं बोलतेय. हो, बोलतेय. व्याकरणवाले म्हणतील, आतडं नपुंसकलिंगी, तेव्हा 'बोलतंय' म्हण. म्हणोत बापडे. जिच्या पोटात मी तिच्या जन्माआधीपासून राहते ती बाई आहे, आणि मी तिच्या वतीने भांडायला निघालेय, तर मी बाईसारखीच बोलणार. रागावलेल्याने व्याकरण बघत बसायचं नसतं.

आधी नावाचंच घ्या. मला 'लहान' म्हणतात. वेटोळी सोडवून सरळ केलीत तर मी एखाद्या खोलीत मावणार नाही. माझ्यापुढे जे जाडं, सुस्त, पाणी शोषत पडलेलं धूड आहे, ते लांबीला माझ्या पासंगालाही पुरत नाही. पण ते 'मोठं'. हृदयाचं तर विचारूच नका. प्रेम जडलं की हृदय, मोडलं की हृदय, आणि काम काय, तर दिवसभर एकाच जागी धडधडायचं. आतड्याची माया म्हणतात, आतडं तुटतं म्हणतात, तेवढाच काय तो माझा मान. बाकी काही बिघडलं की पहिला बोल पोटाला.

माझ्या आतून हात फिरवता आला असता, तर मखमलीसारखं लागलं असतं. ती मखमल म्हणजे बोटं आहेत. डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक आणि मोजता येणार नाहीत इतकी. अन्न समोरून सरकत जातं आणि ही बोटं अंधारात चाचपून ओळखतात, की हे घ्यायचं आणि हे पुढे जाऊ द्यायचं. घेतलेलं रक्तात जातं. त्यालाच तुम्ही लोक 'अंगी लागणं' म्हणता. शब्द फार चांगला आहे. पण खाणं आणि अंगी लागणं यांच्या मधोमध मी बसलेय, हे तुमच्या लक्षात राहत नाही. तुम्हाला वाटतं, गिळलं की झालं.

आता माझ्या बाईबद्दल. तिला सगळे ताई म्हणतात. ताई जन्मापासून आंधळी. अंधांसाठी पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात ती मुद्रितं तपासते. जाड कागदावर उठवलेले ठिपके असतात. सहा ठिपक्यांच्या जागेत कुठे ठिपका आहे आणि कुठे नाही, यावर अक्षर ठरतं. समोर एक डोळस बाई मूळ मजकूर धरून बसते, ताई ठिपक्यांवरून बोटं फिरवत मोठ्याने वाचते, आणि चूक लागली की टेबलावर टिचकी मारते. तिची बोटं वर, माझी खाली. दोघींचं काम एकच. म्हणून मला ती आवडते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी कोणाबद्दल गोड बोलणार नाही.

तुम्ही विचाराल, पोटात राहून तुला एवढं कळतं कसं? आवाज हाडामांसातून झिरपत माझ्यापर्यंत येतात. ताईचा तर सगळ्यात स्पष्ट येतो.

घरात ताई, तिची धाकटी बहीण आणि धाकटीचा नवरा. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकटी शाळेत होती. तिचे डबे ताईने भरले, तिची फी ताईने भरली, तिच्या लग्नात दोन्ही बाजूंची वडीलधारी ताईच झाली. धाकटीचा जीव आहे ताईवर. पण जीव लावणाऱ्यांना कधी कधी वाटायला लागतं, की समोरच्याचं डोकंही आपणच चालवायचं.

सुरुवात पायांपासून झाली. बोटांना मुंग्या यायच्या. मग तळवे जाड झाल्यासारखे झाले. बसथांब्याजवळ पदपथावर अंधांसाठी उंच रेघांच्या फरश्या बसवलेल्या आहेत. इतकी वर्षं ताई त्या बुटांतूनही ओळखायची. आता त्या लागेनात. काठीने शोधाव्या लागायच्या. एकदा घराच्या जिन्यात शेवटची पायरी संपली असं समजून तिने पाऊल टाकलं आणि पायरी शिल्लक होती. गुडघा फुटला. धाकटी म्हणाली, वय होतंय ताई, जरा बेताने.

मग हाताची बोटं. पातळ मोजे घालून वाचतेय असं वाटतं, हे ताई जेवताना म्हणाली. कोणी विशेष लक्ष दिलं नाही. धाकटीच्या नवऱ्याने सांगितलं, की त्याच्याही हाताला मुंग्या येतात, उशीखाली हात गेला की.

आणि छापखान्यात व्हायचं ते झालं. त्यांच्या लिपीत 'ल' म्हणजे एकाखाली एक असे तीन ठिपके. मधला गेला की 'क'. लहान मुलांच्या वाचनपाठात एक वाक्य होतं, 'मूल हसले'. छपाईचा पत्रा बनवताना मधला ठिपका उठलाच नाही. ताईची बोटं त्यावरून गेली, त्यांना कमी काही लागलं नाही, सवयीने तिने 'मूल' वाचलं. पुस्तक छापून, बांधून शाळांमध्ये पोचलं. एका शाळेतून बाईंचा फोन आला, की आमची मुलं विचारतात, 'मूक हसले' म्हणजे कसं हसले?

पर्यवेक्षक माणूस वाईट नाही. त्यांनी ताईला बसवून घेतलं, पाणी दिलं, आणि सांगितलं, की नव्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकांचं काम सुरू होईपर्यंत तुम्ही बांधणीत बसा. तोवर बोटं सुधारली तर खुर्ची तुमचीच. नाही सुधारली तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. ताई हो म्हणाली. त्या दिवशी दुपारी तिच्या पोटात गोळा आला तो मीच होते. ताई दुसऱ्याने वाचून दाखवलेलं ऐकणाऱ्यांतली नाही. ती पुस्तक उशाशी ठेवून बोटांनी वाचते. खुर्ची गेली तर नोकरी जाईल, पण बोटं गेली तर तिचं वाचणंच जाईल.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी-बारा नावाचं जीवनसत्त्व फार कमी निघालं. ते नसलं की मज्जातंतूंवरचं वेष्टण झिजतं, आधी पाय बधिरतात, मग हात. त्यांनी जीवनसत्त्वांची साधी गोळी लिहून दिली. गोळ्या आणायला धाकटीचा नवरा गेला. आणलंच आहे तर चांगलं आणू, म्हणून तो 'एका गोळीत सगळं' असली बाटली घेऊन आला, आणि तिच्यासोबत लोहाची एक, कॅल्शियमची एक. असलेली बरी म्हणे.

ताईने बाटल्यांना रबरबँड लावले. एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला एकही नाही. तिचं सगळं घर असंच आहे. मिठाच्या डब्याला दोरा, साखरेच्या डब्याला गाठ. तिच्याकडून कधी चहात मीठ पडलेलं मला तरी आठवत नाही, आणि पडलं असतं तर मला नक्की कळलं असतं.

पण गोळ्या घ्यायच्या कशा, हे धाकटीने ठरवलं. सकाळी रिकाम्या पोटी, सगळ्या एकदम, चहाबरोबर. एकदाचं उरकलं की दिवस मोकळा. इथे माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय आणि मस्तक मला नाहीत, तरी गेली.

अहो, काही रीतभात? लोह आणि कॅल्शियम या दोघांचं माझ्या दारात जमत नाही. कॅल्शियम दाटीवाटीने आलं, की लोह मागे पडतं. त्यात चहा. चहातली तुरट द्रव्यं लोहाला असं कवटाळतात, की माझ्या बोटांना ते सुटतच नाही. त्याच्याबरोबर एखादं आंबट फळ दिलं असतंत तर लोह मऊ होऊन मुकाट आत आलं असतं. आणि ए, डी, ई, के हे चौघे तेलातुपाचे सोबती. जेवणात थोडी स्निग्धता असली, की वरून पित्त येतं, स्निग्धाचे बारीक थेंब होतात, आणि त्या थेंबांत बसून हे चौघे आत येतात. रिकाम्या पोटी नुसत्या चहावर आले की बरेचसे तसेच पुढे वाहून जातात. ब आणि क गटातले पाण्यात विरघळतात, ते येतात बिचारे. पण त्यांचीही दारं ठरलेली आहेत. एका वेळी जेवढे मावतील तेवढेच. जास्त ओतलेत म्हणून दारं रुंद होत नाहीत.

आणि जे रक्तात जाऊनही उरतं, ते मूत्रपिंडं बाहेर काढून टाकतात. धाकटीच्या नवऱ्याने स्वतःही त्या गोळ्या सुरू केल्या होत्या. एका सकाळी तो न्हाणीघरातून खुशीत बाहेर आला आणि बायकोला म्हणाला, रंग बघितलास का पिवळाधमक? अंगी लागतंय बघ. ताईच्या पोटात राहून मी कपाळाला हात लावला. अरे शहाण्या, पिवळं दिसतंय म्हणजे ते बाहेर पडलं. बाराच्या भावात गेलं.

तर आता बी-बाराकडे येऊ, कारण सगळं भांडण त्याच्यावरूनच आहे. हा बाकीच्यांसारखा सरळ नाही. अगदी बारा गावचं पाणी प्यायलेला. तोंडात शिरल्याबरोबर लाळेतलं एक प्रथिन त्याला धरतं. जठरातून तो त्या प्रथिनाचाच हात धरून पार होतो. माझ्या सुरुवातीच्या वेटोळ्यांत पाचकरस त्या प्रथिनाला दूर करतात. मग जठराने पाठवलेली दुसरी एक सोबतीण त्याचा हात धरते. मी तिला पाठराखीण म्हणते. ही जोडी मग माझी सगळी वळणं पार करून थेट शेवटच्या टोकाला येते. तिथे माझं एक दार आहे, आणि ते दार जोडीलाच उघडतं. बी-बारा एकटा आला, तर माझ्या बोटांना तो कळतच नाही.

ताईच्या गोळीतला बी-बारा एकटा यायचा. रोज. माझी बोटं त्याच्यावरून फिरायची आणि त्याला पुढे जाऊ द्यायची, जसं ताईचं बोट त्या नसलेल्या ठिपक्यावरून गेलं होतं. मी वर निरोप पाठवला, की पाठराखीण का येत नाही? जठराने नेहमीप्रमाणे गुरगुर केली. ते गुरगुरतं म्हणून लोक त्याला विचारतात. मी आवाज करत नाही, म्हणून मला कोणी विचारत नाही.

काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. बी-बारा आधीपेक्षाही कमी.

घरी ती तपासणीची चिठ्ठी धाकटीने मोठ्याने वाचली. मग तिचा नवरा हळूच म्हणाला, की बाटल्या सारख्याच दिसतात, आपल्यालाही गोंधळ होतो, मग ताईंचं काय. धाकटीने हात पुसले असावेत, कारण कापडाचा आवाज आला. ती ताईसमोर येऊन बसली.

"ताई, रागावू नकोस. गोळ्या घेतेस ना?"

"घेते."

"बरोबर त्याच घेतेस ना? का हाताला लागेल ती?"

"रबरबँड आहेत त्यांना."

"अगं, पण बोटं बधिर झालीत असं तूच म्हणतेस. रबरबँड कसा कळणार?"

पटण्यासारखं बोलणं होतं, म्हणूनच मला ते जास्त झोंबलं. रबरबँड कळायला बोटांना पात्याची धार लागत नाही. बारीक ठिपका चुकेल, जाड रबर चुकणार नाही. ताई एवढंच म्हणाली, की मी घेते. धाकटी म्हणाली, मग काय तपासणी खोटं बोलते?

मी साक्षीदार होते. घेतलेली प्रत्येक गोळी माझ्या अंगावरून गेली होती. तिच्या वेष्टणाचा रंग मला माहीत नसेल, पण तिचा कण न् कण मला माहीत होता. असली साक्षीदार असून तोंड नसणं म्हणजे काय, हे तुम्हाला कधी कळू नये. मी पिळवटले. ताईने पोटावर हात ठेवला. धाकटीला वाटलं, आता दुखण्याचं सोंग करते की काय.

दुसऱ्या सकाळपासून नवा नेम सुरू झाला. गोळ्या धाकटीच्या हातून घ्यायच्या. पाण्याचा घोट घ्यायचा. मग धाकटी म्हणायची, "तोंड उघड." ताई तोंड उघडायची. "जीभ वर कर." ताई जीभ वर करायची. "आता बाजूला." धाकटी दोन्ही गालांत वाकून बघायची आणि मग कामाला जायची.

जिने हिच्या तोंडात घास घातले, तिच्या तोंडात ही बघत होती. मला धाकटीचा इतका राग आला, की मी चांगलं जेवणही त्या दिवसांत नीट घेतलं नाही. त्यात कोणाचं नुकसान होतंय हे कळूनही घेतलं नाही. ताईने मात्र एकदाही तोंड बंद केलं नाही. पहिल्या दिवशी ती म्हणाली, की बघ हवं तर, पण मी गोळी गिळते, हे तुला सांगून ठेवते. दुसऱ्या दिवशीही म्हणाली. नंतर रोज तेवढं एक वाक्य म्हणायची, "मी गिळली आहे," आणि मग तोंड उघडायची. धाकटी म्हणायची, हो हो, जीभ वर कर.

त्या दिवसांत छापखान्यात ती बांधणीत बसायची. छापलेले कागद रचायचे, कडा जुळवायच्या, दोरा ओवायचा. सुई बोटाला टोचली तरी तिला कळायचं नाही. कागदावर रक्ताचे डाग पडले, तेव्हा शेजारची ओरडली आणि तिने ताईच्या बोटाला फडकं बांधलं. तिच्या जुन्या टेबलावर एक नवी मुलगी बसायला लागली होती. वाचताना तिचा आवाज मधल्या पडद्यापलीकडून यायचा. चांगलं वाचायची. ताई सुई थांबवून ऐकत राहायची.

तिसऱ्यांदा रक्त तपासलं. बी-बारा आणखी खाली.

डॉक्टरांच्या खोलीत ताई, धाकटी आणि तिचा नवरा, तिघं बसले होते. डॉक्टर बाई आहेत, कामात दंग, खुर्ची थोडी करकरते. त्यांनी विचारलं, गोळ्या नियमित चालल्यात ना? आणि हा प्रश्न त्यांनी धाकटीला विचारला. आंधळं माणूस समोर असलं, की लोक शेजारच्याशी बोलतात. जणू कानही गेलेत. धाकटी म्हणाली, माझ्यासमोर घेते, मी तिला तोंड उघडायला लावून बघते. मग तिचा नवरा खाकरून म्हणाला, काही लोक नंतर ओकून टाकतात म्हणे.

माझं वेटोळं न् वेटोळं आवळलं गेलं.

"डॉक्टर," ताई म्हणाली, "मला विचारा. मी इथेच बसलेय."

डॉक्टरांची खुर्ची करकरली.

"मी गोळी गिळते. आता एवढं वाक्य खरं धरा आणि मग पुढचा विचार करा. आमच्याकडे मुद्रितात चूक निघाली, की आधी पत्रा तपासतात. वाचणारीला खोटं ठरवून पत्रा दुरुस्त होत नाही."

आवाज चढला नव्हता. पण हात मांडीवर घट्ट धरलेले होते, ते मला कळत होतं. मग डॉक्टर ताईला म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं. आणि त्यांनी ताईला, ताईलाच, वेगळे प्रश्न विचारायला सुरुवात केली. जीभ आग करते का? भूक कमी झाली आहे का? घरात कोणाला थायरॉइडचा त्रास? आई कशाने गेल्या? हे सगळं त्यांना येत होतंच. इतके दिवस त्यांनी विचारलं नव्हतं एवढंच, कारण उत्तर समोर तयार होतं, की आंधळी बाई आहे, गोळ्या चुकत असतील.

मग रक्ताची वेगळी तपासणी झाली, आणि जठरात दुर्बीण घालून पाहिलं. तेव्हा कुठे खापर योग्य डोक्यावर फुटलं. जठराच्या अस्तरात पाठराखीण तयार करणाऱ्या पेशी असतात. ताईच्या शरीराच्या पहारेकऱ्यांनी आपल्याच या माणसांना चोर समजून मारून टाकलं होतं. पाठराखीण तयारच होत नव्हती. चिमूटभर बी-बारा असलेली गोळी ताईने जन्मभर खाल्ली असती, तरी मी तो आत घेऊ शकले नसते. हे डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं. गिळणं बरोबर होतं. अंगी लागत नव्हतं.

उपाय काय, तर इंजेक्शन. सरळ दंडात. मला वळसा घालून. मला अपमान वाटायला हवा होता, पण त्या दिवशी मी सुईची पाठ थोपटली असती. पुढे डॉक्टरांनी बी-बाराची भल्या मोठ्या मात्रेची गोळी सुरू केली. तिच्यातला शंभरातला जेमतेम एक भाग पाठराखिणीशिवाय, कसलंही दार न उघडता, माझ्या भिंतीतून झिरपतो. मात्रा मोठी असली, की तेवढा झिरपलेलाही पुरतो. मी माझ्या परीने झिरपू देते. ती गोळी आता ताई स्वतः घेते, स्वतःच्या हाताने, आपल्या वेळेला.

बोटांचं सांगायचं तर झिजलेल्या नसा सावकाश भरतात, आणि उशीर झाला तर सगळ्या भरत नाहीत. उशीर झाला होता. डावी तर्जनी बरीचशी परत आली. उजवीवर तो पातळ मोजा अजून आहे, आणि तो राहील असं डॉक्टर म्हणाल्या. नव्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकांचं काम सुरू झालं तेव्हा ताईला एक पान वाचायला इतका वेळ लागायचा, की खुर्ची त्या मुलीलाच गेली. पर्यवेक्षकांनी ताईला गोष्टीच्या पुस्तकांचं दुसरं वाचन दिलं, जिथे घाई नसते. ती डाव्या हाताने वाचते. पूर्वी ओळी धावायच्या, आता चालतात. उशाशी पुस्तक पुन्हा आलं आहे.

हे सगळं मी कसंबसं पोटात घातलं असतं. पण परवा धाकटीची एक मैत्रीण जेवायला आली. ताई वाढून घेत होती. मैत्रिणीने ताईच्या बोटांची चौकशी केली, आणि धाकटी मोठा सुस्कारा टाकून म्हणाली, अगं, वेळेवर कळलं असतं तर दोन्ही हात वाचले असते. पण हिचा स्वभाव तुला माहीत आहे. पोटातलं ओठावर येऊ द्यायची नाही. काही म्हणजे काही सांगितलं नाही हिने आम्हाला.

ती मुद्दाम खोटं बोलत नव्हती. तिला तसंच आठवत होतं. हेच मला सहन होईना.

ताईने वाढायचा चमचा भांड्यात ठेवला. "सांगितलं होतं," ती म्हणाली. "रोज सांगत होते. तू तोंडात बघायचीस, ऐकायची नाहीस."

मैत्रीण पाणी प्यायली. थोड्या वेळाने धाकटी उठून ताईच्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसली. जेवण तसंच पुढे चाललं.

माझा राग अजून उतरलेला नाही, आणि मी तो उतरू देणार नाही. गोळ्यांचं काय ते तुम्ही डॉक्टरांना विचाराल, कोणती जेवणाबरोबर, कोणती चहापासून लांब, कोणती कोणाच्या शेजारी नको. ते शिकता येतं. पण तुमच्या घरात कोणी म्हणालं, की मी घेतली आहे आणि तरी बरं वाटत नाही, तर त्याच्या तोंडात वाकू नका. आधी ते वाक्य अंगी लागू द्या. बाकी शोध त्यानंतर घ्या.

आता मला जाऊ द्या. ताई जेवतेय, आणि पहिला घास येऊन पोचला आहे.